नवे फिल्टर जुन्या मेलवर चालवले की सगळं अनरीड होतं, त्यावर उपाय

लक्षण असं. फिल्टरचे नियम बदलले, नवे फोल्डर पाडले, आणि आधी साठलेले मेलही याच नियमांनी लागावेत म्हणून फिल्टर जुन्या साठ्यावर चालवले. मेल ज्या त्या फोल्डरात गेलेही. पण आता प्रत्येक फोल्डरचं नाव ठळक, पुढे कंसात चार आकडी संख्या, आणि वर्षांपूर्वी वाचून, उत्तर देऊन मोकळे झालेले मेल नवेकोरे म्हणून रांगेत उभे. खरोखर वाचायचे राहिलेले जे मोजके होते ते त्या ढिगात दिसेनासे झाले. वैतागून माणूस 'मार्क ऑल ॲज रीड' दाबतो, ढीग नाहीसा होतो, आणि ते मोजके मेलही त्याच क्षणी वाचलेल्यांत जमा होतात. पुढच्या वेळी फिल्टर बदलले की पुन्हा हेच.

तेव्हा सगळ्यात आधी: असा ढीग समोर दिसत असेल तर 'मार्क ऑल ॲज रीड' दाबू नका. झालेलं नुकसान बऱ्याच वेळा भरून काढता येतं, ते कसं हे पुढे येईलच. ते बटण दाबल्यावर मात्र फार थोडं हाती उरतं.

याच दुखण्याची आणखी तीन रूपं आहेत आणि ती लोकांच्या उशिरा लक्षात येतात. एक, तारांकित मेलचे तारे गेले, उत्तर दिल्याचा बाणही गेला. दोन, सगळ्या जुन्या मेलची 'आल्याची तारीख' आजची झाली. तीन, नेमकं उलटं: न वाचलेले मेल आपोआप वाचलेले झाले. चारही रूपांचं मूळ एकाच गोष्टीत आहे.

खूण राहते कुठे

मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या माहितीच्या ओळींत, कोणी पाठवला, कोणाला, कधी, विषय काय हे सगळं असतं. तुम्ही तो वाचला की नाही, हे नसतं. मेलचा साचा ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्ये त्यासाठी रकानाच नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण ती गोष्ट मेल पोचल्यानंतरची आहे. वाचल्याची खूण मेल साठवणारी यंत्रणा स्वतःच्या वहीत ठेवते, आणि प्रत्येक यंत्रणेची वही वेगळी.

आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून तिथून वाचण्याची पद्धत) वापरणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक मेलला फ्लॅग, म्हणजे खुणेचे शिक्के, असतात: सीन, आन्सर्ड, फ्लॅग्ड, डिलीटेड, ड्राफ्ट. 'सीन' असेल तर वाचलेला, नसेल तर अनरीड. मेल सर्व्हरवर आला ती वेळसुद्धा 'इंटर्नल डेट' म्हणून वेगळी ठेवलेली असते. मेलच्या हेडरमधली तारीख निराळी.

मेलडिर पद्धतीत एक मेल म्हणजे एक फाइल, आणि खूण त्या फाइलच्या नावाच्या शेपटीत. फोल्डरच्या आत 'न्यू', 'कर' आणि 'टेम्प' अशा तीन डिरेक्टऱ्या असतात. नुकताच आलेला मेल 'न्यू'मध्ये पडतो. मेल प्रोग्रामने तो पाहिला की फाइल 'कर'मध्ये जाते आणि नावाला शेपूट लागतं: कोलन, दोनचा आकडा, स्वल्पविराम, आणि मग अक्षरं. एस म्हणजे वाचला, आर म्हणजे उत्तर दिलं, एफ म्हणजे तारांकित, टी म्हणजे कचऱ्यात, डी म्हणजे मसुदा, पी म्हणजे पुढे पाठवला. नाव '…:२,एफआरएस' असं संपत असेल तर मेल तारांकित आहे, त्याला उत्तर गेलंय आणि तो वाचलेला आहे. (इथे देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्षात अक्षरं आणि आकडा रोमन लिपीतले असतात.) अक्षरांचा क्रम इंग्रजी वर्णमालेचाच हवा: 'एफएस' चालतं, 'एसएफ' लिहू नये. 'कर'मध्ये असूनही शेपूट नसलेली फाइल म्हणजे अनरीड.

एमबॉक्समध्ये सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत असतात. इथे मात्र अपवाद आहे: मेल प्रोग्राम प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये 'स्टेटस' नावाची ओळ घुसवतो. तिच्यात आर म्हणजे वाचला, ओ म्हणजे जुना. उत्तर, तारा वगैरे 'एक्स-स्टेटस' या ओळीत. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचा स्वतःचा हेडर 'एक्स-मोझिला-स्टेटस'. त्यात चार अंकी संख्या असते आणि तिचा सगळ्यात लहान बिट लागलेला असला, म्हणजे ०००१, तर मेल वाचलेला.

पॉप३ मध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याच्या पद्धतीत, वाचल्याची नोंद ठेवण्याची सोयच नाही. तिथे जे काही असतं ते तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रामकडे.

आता मूळ दोष सांगतो. 'फिल्टर चालवणं' या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामं होतात. एकात मेल आहे त्या साठ्यातच एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवला जातो. त्याची खूण त्याच्यासोबत जाते. दुसऱ्यात मेलचा मजकूर काढून घेऊन तो फिल्टरला 'आत्ताच आलाय' अशा थाटात पुन्हा दिला जातो, आणि फिल्टर तो नव्याने पोचवतो. फोडून वाचलेलं पत्र पुन्हा टपालपेटीत टाकलं तर पोस्टमन ते नवं म्हणूनच दारात आणून देणार. तुम्ही ते वाचलं होतं हे त्याला कुठून कळावं? प्रॉकमेल, मेलड्रॉप (आलेला मेल नियमांप्रमाणे फोल्डरात टाकणारे प्रोग्राम) आणि त्यांच्या जातीची सगळी साधनं पोचवणारी आहेत, लावणारी नव्हेत. चूक त्यांची नाही, काम त्यांना चुकीचं दिलं जातं.

आधी एका मेलवर निदान

हजारो मेलवर प्रयोग करण्याआधी एक चाचणी-फोल्डर करा आणि त्यात दोन मेलच्या प्रती ठेवा. एक जुना, वाचलेला, तारांकित. दुसरा जुना पण अनरीड. हे करायला मिनिटभर लागतं, त्यामुळे कंटाळा करू नका. आता तुमची नेहमीची पद्धत त्या फोल्डरवर चालवा आणि पाहा.

वाचलेला मेल अनरीड झाला, तारा गेला आणि आल्याची तारीखही आजची झाली, तर मेल पुन्हा पोचवला गेलाय. खुणा शाबूत पण तारीख आजची, तर मेल हलवला नाही, उतरवून पुन्हा चढवला गेलाय किंवा फाइलची प्रत काढताना तिची वेळ बदलली. न वाचलेला मेल वाचलेला झाला, तर दोनपैकी एक: फिल्टरमध्येच कुठेतरी 'वाचलेला म्हणून खूण करा' असा नियम आहे, किंवा तुमची स्क्रिप्ट मेलचा मजकूर चुकीच्या रीतीने मागते. आणि वाचलेपण टिकलं पण रंगीत टॅग अदलाबदल झाले, तर मेलडिरमधल्या फाइली हाताने हलवल्या गेल्यात. यातलं तुमचं कुठलं ते कळलं की पुढचं त्या त्या भागात वाचा.

खिडकीतून फिल्टर चालवणाऱ्यांसाठी

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण जीमेल, थंडरबर्ड, आउटलुक ही साधनं मेल जागच्या जागी हलवतात.

जीमेलमध्ये फिल्टर करताना किंवा बदलताना शेवटच्या पायरीवर 'जुळणाऱ्या संभाषणांनाही हा फिल्टर लावा' अशी टिकची चौकट असते. लेबल लागल्याने वाचलेपणाला धक्का लागत नाही. फिल्टरमध्ये 'वाचलेला म्हणून खूण करा' हेही निवडलेलं असेल तर मात्र तो नियम जुन्या मेललाही लागतो, आणि लोक फसतात ते इथेच. फॉरवर्ड करण्याचा नियम फक्त नव्या मेलला लागतो, त्यामुळे तिथे निश्चिंत राहा.

थंडरबर्डमध्ये 'टूल्स' मेन्यूत 'रन फिल्टर्स ऑन फोल्डर' आहे. मेल एकाच आयमॅप खात्यात इकडून तिकडे जात असेल तर काम सर्व्हरवरच होतं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असेल तर मेल उतरवून चढवला जातो. तेव्हा खुणा सोबत जातात की नाही ते वरच्या चाचणीने पाहून घ्या.

डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये 'रन रूल्स नाऊ' या खिडकीत नियम सगळ्या मेलवर, फक्त वाचलेल्यांवर की फक्त न वाचलेल्यांवर चालवायचे हे विचारलेलं असतं. ही सोय इतर कुठे फारशी दिसत नाही आणि ती फार कामाची आहे. पुढे दोन फेऱ्यांची जी युक्ती सांगणार आहे तिला इथे आयतं बटणच आहे.

थंडरबर्डमधला जुना साठा दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत डिलीट केलेले मेल एमबॉक्स फाइलीत तसेच पडून असतात, फक्त त्यांच्या एक्स-मोझिला-स्टेटसमध्ये पुसल्याचा बिट लागलेला असतो. तो हेडर न वाचणाऱ्या साधनाला ते सगळे जिवंत दिसतात. मग जुने, पुसलेले, नको असलेले मेल अनरीड होऊन परत येतात. नेण्याआधी कॉम्पॅक्ट करा.

प्रॉकमेलवाल्यांसाठी

या तक्रारीचं माहेरघर हेच. प्रचलित नुस्खा असा असतो: जुन्या एमबॉक्सचे तुकडे फॉर्मेल या प्रॉकमेलसोबतच्या साधनाच्या एस ऑप्शनने पाडा आणि प्रत्येक तुकडा प्रॉकमेलला पाजा. एमबॉक्समधून एमबॉक्समध्ये जात असेल तर हे बऱ्यापैकी निभतं, कारण 'स्टेटस'ची ओळ मेलच्या हेडरमध्येच असते आणि मेलबरोबर जाते. ती मध्येच गळत असेल तर तुमच्या नियमांत कुठेतरी फॉर्मेलने हेडर गाळणारी ओळ आहे का ते शोधा. नव्या मेलसोबत बाहेरून आलेला 'स्टेटस' हेडर काढून टाकणारा नियम पुष्कळ जणांनी, आणि योग्य कारणाने, लावून ठेवलेला असतो.

मेलडिरमध्ये जात असेल तर मात्र निभत नाही. प्रॉकमेल फाइल नेहमी 'न्यू'मध्ये टाकतो, शेपटाविना. आत 'स्टेटस: आरओ' अशी ओळ असली तरी मेलडिर वाचणारे प्रोग्राम नाव पाहतात, ती ओळ नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला प्रॉकमेलच्या आतला. प्रॉकमेलमध्ये 'लास्टफोल्डर' नावाचं चल (व्हेरिएबल) आहे. मेल शेवटी कुठे टाकला त्याचा पत्ता त्यात असतो, आणि मेलडिर असेल तर अख्ख्या फाइलीचा पत्ता. 'ट्रॅप' नावाच्या चलात एखादी कमांड भरून ठेवली तर प्रॉकमेल काम संपवताना ती चालवतो. दोन्ही जोडा: एकेक मेल पाजणाऱ्या लूपमध्ये मूळ मेलडिर-फाइलीचं शेपूट टिपून घ्या, ते प्रॉकमेलला चल म्हणून द्या, आणि ट्रॅपमध्ये लास्टफोल्डरमधली फाइल 'न्यू'मधून शेजारच्या 'कर'मध्ये ते शेपूट लावून हलवा. एकाच मेलची प्रत दोन फोल्डरांत टाकणारे नियम असतील तर हे शेवटच्याच प्रतीला लागतं, आधीची अनरीड राहते.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण तो कुठल्याही पोचवणाऱ्या साधनाला चालतो. मेल पाजण्याआधी त्यात तात्पुरता एक हेडर घाला, उदाहरणार्थ 'एक्स-जुनी-स्थिती' अशा अर्थाचा, आणि त्यात जुन्या शेपटातली अक्षरं लिहा. फिल्टर नेहमीप्रमाणे चालू द्या. सगळं पोचल्यावर दुसरी छोटी स्क्रिप्ट प्रत्येक 'न्यू'मध्ये जाते, तो हेडर वाचते, फाइल 'कर'मध्ये योग्य शेपटासह ठेवते आणि हेडर पुसते. ज्या मेलमध्ये हेडर नाही तो खरोखर नवा आलेला. त्याला ती हात लावत नाही. काम चालू असताना नवे मेल येत राहिले तरी गोंधळ होत नाही, हा मोठा फायदा.

खरं सांगायचं तर प्रॉकमेलची ३.२२ ही आवृत्ती २००१ सालची आणि पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं तीच चालली. नवी मांडणी करत असाल तर त्यात जीव अडकवण्यात अर्थ नाही. सिव्ह ही मेल-फिल्टर लिहिण्याची भाषा शिका.

पायथन येत असेल तर त्याच्यासोबतच येणारं 'मेलबॉक्स' मॉड्यूल पाहा. एमबॉक्समधला मेल त्या मॉड्यूलच्या मेलडिर-मेसेजमध्ये बदलला की आर या स्टेटसचा एस होतो, उत्तराची आणि ताऱ्याची खूणही आपापल्या जागी जाते, आणि ओ असेल तर मेल 'कर'मध्ये पडतो. अट एकच: मेल वाचताना आणि टाकताना मॉड्यूलचेच मेसेज-प्रकार वापरा. साधा ईमेल ऑब्जेक्ट टाकलात तर तो 'न्यू'मध्ये, शेपटाविना जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मेलडिरच्या फाइली थेट हलवत असाल तर

'कर'मधून दुसऱ्या फोल्डरच्या 'कर'मध्ये फाइल आहे त्या नावाने हलवली तर वाचलेपण टिकतं. फाइल हलवा, प्रत काढू नका. प्रत काढायचीच असेल तर वेळ राखणाऱ्या ऑप्शनसह काढा, कारण डवकॉट हा मेल सर्व्हर आल्याची तारीख फाइलीच्या बदल-वेळेवरून घेतो.

दोन खोड्या आहेत. शेपटातली मोठी अक्षरं सगळीकडे सारखी, पण डवकॉट छोटी अक्षरं (ए ते झेड) टॅगसाठी वापरतो आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठला टॅग हे प्रत्येक फोल्डरातल्या 'डवकॉट-कीवर्ड्स' या फाइलीत लिहिलेलं असतं. एका फोल्डरात 'ए' म्हणजे 'महत्त्वाचं' आणि दुसऱ्यात 'ए' म्हणजे 'नंतर बघू' असू शकतं. हाताने हलवलेल्या मेलचे टॅग बदलतात ते असे. डवकॉट असेल तर त्याच्या 'डवॲडम' या साधनाची 'मूव्ह' कमांड वापरा. ती शोधाच्या अटी घेते, हलवते आणि हे सगळं सांभाळते. साठा मेलडिर नसून एमडीबॉक्स (डवकॉटची स्वतःची साठवण-पद्धत) असेल तर हाताने हलवायचा प्रश्नच नाही, ही कमांडच हवी.

दुसरी खोडी एमबीसिंक (सर्व्हरवरचा आणि संगणकावरचा साठा जुळवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांची. तो फाइलीच्या नावात 'यू बरोबर अमुक' असा सर्व्हरवरचा क्रमांक (यूआयडी) लिहू शकतो. फाइल तशीच दुसऱ्या फोल्डरात गेली आणि तिथे तो क्रमांक आधीच कुणाचा असला, तर पुढच्या सिंकला 'डुप्लिकेट यूआयडी' म्हणून ओरडा होतो. हलवताना नावातला तेवढा तुकडा काढा, शेपूट मात्र ठेवा. नॉटमच (मेल शोधण्याचं आणि टॅग लावण्याचं साधन) वापरणाऱ्यांनी याच कामाच्या 'अफ्यू' या जोड-साधनामध्ये 'रिनेम' हा पर्याय चालू करावा. तो नेमकं हेच करतो.

जाता जाता: बॅकअप एक्सफॅट किंवा फॅटवाल्या पेनड्राइव्हवर घेत असाल तर थांबा. तिथे फाइलीच्या नावात कोलन चालत नाही. म्हणजे एकतर फाइल जाणारच नाही, नाहीतर नाव बदलून जाईल आणि खूण गमावून बसाल. आधी सगळ्याची टार फाइल, म्हणजे एकच गठ्ठा, करा, मग ती न्या.

आयमॅपवरून स्क्रिप्ट चालवत असाल तर

तीन गोष्टी तपासा.

स्क्रिप्ट मेल हलवते कशी? आयमॅपमध्ये 'कॉपी' ही कमांड सर्व्हरवरच प्रत करते, आणि फ्लॅग व इंटर्नल डेट राखावी असं आरएफसी ३५०१ (२००३) सांगतो. २०१३ च्या आरएफसी ६८५१ ने 'मूव्ह' ही कमांड दिली, तीही तशीच. पण स्क्रिप्ट मेल उतरवून 'अपेंड'ने चढवत असेल तर फ्लॅगची यादी आणि तारीख दोन्ही तिने स्वतःहून द्यावी लागतात. फ्लॅग न दिल्यास एकही लागत नाही, तारीख न दिल्यास आत्ताची लागते. नेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये 'अपेंड'ला हे दोन रकाने रिकामे सोडलेले असणं, हे या तक्रारीमागचं फार नेहमीचं कारण.

मजकूर मागते कशी? आयमॅपमध्ये 'बॉडी' मागितली की सर्व्हर मेलला सीन लावतो. पायथनच्या आयमॅपलिबवरचे असंख्य धडे 'आरएफसी८२२' असं मागायला शिकवतात. त्याचाही परिणाम तोच. न वाचलेले मेल वाचलेले होतात ते इथे. त्याऐवजी 'बॉडी.पीक' मागा, म्हणजे सर्व्हर मजकूर देतो पण खूण करत नाही. फक्त यादी करायची असेल तर फोल्डर 'सिलेक्ट'ऐवजी 'एक्झामिन'ने उघडा. मग तो केवळ वाचण्यापुरता उघडतो आणि काही बिघडण्याची शक्यताच उरत नाही.

मजकूर मागण्याची गरज आहे का? पाठवणारा, विषय, मेलिंग लिस्टचा हेडर यांवरून लावणी होत असेल तर सर्व्हरच्या 'सर्च'लाच विचारा. मेल खाली येतच नाही. आयमॅपफिल्टर या साधनाचा सगळा डौल यातच आहे.

डवकॉटसोबत पिजनहोल (त्याला सिव्ह चालवू देणारी जोडणी) असेल तर 'सिव्ह-फिल्टर' ही कमांड साठलेल्या मेलवर सिव्ह स्क्रिप्ट चालवते. ती मुळात फक्त नाटक करते: काय केलं असतं ते सांगते, करत काही नाही. 'ई' ऑप्शन दिला की खरंच करते. पण मोठा 'डब्ल्यू' दिला नाही तर मूळ फोल्डरात लिहायची परवानगी नसते, त्यामुळे मेल जागेवर राहतात आणि नव्या फोल्डरात प्रती पडतात. 'काही झालं नाही' असं वाटून पुन्हा चालवलं की दुसऱ्या प्रती.

चालवण्याआधी फिल्टरमधून काय काढायचं

वाचलेपण गेलं तर त्रास होतो, पण इथे चुकलं तर लाज जाते. नव्या मेलसाठी लिहिलेल्या फिल्टरमध्ये लावणीखेरीज बरंच काही असतं. सुट्टीवर असल्याचं आपोआप उत्तर, दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड, फोनवर सूचना. फिल्टर जुन्या साठ्यावर पुन्हा पोचवण्याच्या रीतीने चालवले की हे सगळं जुन्या मेलसाठी पुन्हा होतं. सहा वर्षांपूर्वी पत्र लिहिलेल्या माणसाला आज उत्तर जातं की मी पुढच्या सोमवारी परत येईन.

त्याहून घातक दुबार मेल गाळणारा नियम. फॉर्मेलचा मोठा डी ऑप्शन आलेल्या मेलचे मेसेज-आयडी (हेडरमधला मेलचा ओळख-क्रमांक) एका फाइलीत साठवतो आणि तोच आयडी पुन्हा आला तर मेल गाळायला सांगतो. तुमचे अलीकडचे मेल त्या फाइलीत आहेतच. पुन्हा पाजले की ते दुबार ठरतात आणि नियमात लिहिलं असेल तर थेट कचऱ्यात जातात. सिव्हमध्येही 'डुप्लिकेट' ही चाचणी तशीच आहे. जुना साठा चालवताना हा नियम बंद ठेवा.

आणि 'अमुक मेल आला की वाचलेला म्हणून खूण कर' असे नियम. नव्या मेलला ते ठीक. जुन्या साठ्यात तुम्ही मुद्दाम अनरीड ठेवलेला मेल त्यात सापडला तर संपलं.

कुठल्याही साधनाला चालणारी रीत

वाचलेले मेल हजारो असतात, न वाचलेले शेकड्यात. म्हणून हजारोंची यादी सांभाळण्यापेक्षा शेकड्यांची सांभाळा. काम सुरू करण्याआधी सर्व्हरला 'अनसीन' विचारून प्रत्येक फोल्डरातल्या न वाचलेल्या मेलचे मेसेज-आयडी एका फाइलीत लिहून ठेवा. 'फ्लॅग्ड'ची आणि 'आन्सर्ड'ची अशीच यादी करा. ताऱ्यांची आठवण लोकांना आठवडाभराने येते. काही मेलना मेसेज-आयडी नसतो, आणि एकच मेल थेट तुम्हाला आणि मेलिंग लिस्टमार्फतही आला असेल तर दोन्ही प्रतींचा आयडी एकच असतो, म्हणून शेजारी तारीख आणि मूळ फोल्डरही लिहा.

मग दोन फेऱ्या. आधी न वाचलेले सगळे मेल उचलून एका वेगळ्या फोल्डरात ठेवा. उरलेला साठा, जो आता पूर्ण वाचलेलाच आहे, फिल्टरमधून काढा, पण नेहमीच्या फोल्डरांत नव्हे, रिकाम्या नव्या फोल्डरांत. तिथे सगळ्यांना एकदम 'वाचलेला' लावा. इथे ते बटण दाबायला हरकत नाही, कारण सगळे वाचलेलेच होते. तारे आणि बाण यादीवरून लावा. आता दुसरी फेरी: बाजूला ठेवलेले मेल त्याच फिल्टरमधून काढा. ते अनरीड होऊन पडतील, आणि व्हायलाही तसेच हवेत. शेवटी फोल्डरांची नावं बदला. साधन कितीही अडाणी असलं तरी ही रीत चुकत नाही.

काम झाल्यावर एकच मोजणी: आधीच्या सगळ्या फोल्डरांतल्या अनरीडची बेरीज आणि आताची बेरीज. मध्ये आलेले नवे मेल वजा करून आकडे जुळायला हवेत. एकूण मेलची बेरीजही जुळवा, म्हणजे दुबार प्रती किंवा गळती लगेच दिसते.

फोनवर मात्र थोडी धांदल उडेल. मेल दुसऱ्या फोल्डरात गेला की त्याला नवा यूआयडी मिळतो, त्यामुळे फोन तो पुन्हा उतरवतो. साठा मोठा असेल तर आधी फोनवरचं सिंक बंद करा आणि सगळं झाल्यावर चालू करा.

खुणा आधीच गेल्या असतील तर

बॅकअप असेल तर सोपं आहे: बॅकअपमधल्या प्रत्येक मेलचा मेसेज-आयडी आणि त्याची खूण यांची जंत्री करा आणि त्यावरून आत्ताच्या साठ्यात सीन लावत जा.

बॅकअप नसेल, पण त्याच खात्याला जोडलेला दुसरा संगणक बरेच दिवस बंद असेल, तर तो चालू करण्याआधी त्याचं इंटरनेट तोडा. त्याच्यावरच्या मेल प्रोग्रामची जुनी यादी अजून शाबूत असते. तो ऑफलाइन उघडा, अनरीड मेलची यादी उतरवून घ्या, मगच जाळ्यात आणा. एकदा सिंक झालं की तिथेही तोच ढीग.

तेही नसेल तर पाठवलेल्या मेलचा फोल्डर कामाला येतो. तुम्ही दिलेल्या प्रत्येक उत्तरात 'इन-रिप्लाय-टू' हेडर असतो आणि त्यात मूळ मेलचा मेसेज-आयडी. ज्याला उत्तर दिलं तो मेल नक्कीच वाचलेला होता. त्या सगळ्यांना सीन आणि आन्सर्ड दोन्ही लावा. उरलेल्यांत बातमीपत्रं आणि यंत्राने पाठवलेले मेल पाठवणाऱ्यावरून वेगळे काढा. इतक्यावर जे उरतं ते हाताने पाहण्याजोगं असतं.

फिल्टर वारंवार बदलत असाल तर ते दोन फाइलींत तोडा. एकीत फक्त लावणी, म्हणजे कुठला मेल कुठे. दुसरीत उत्तरं, फॉरवर्ड, दुबार गाळणं, वाचल्याची खूण, आणि शेवटी पहिलीला बोलावणं. सिव्हमध्ये यासाठी 'इन्क्लूड' आहे, प्रॉकमेलमध्ये 'इन्क्लूडआरसी'. नवा मेल दुसऱ्या फाइलीतून येतो. जुना साठा चालवायचा असेल तेव्हा फक्त पहिली द्या.